तुटक रेघेची चौकट

नीले, तुला पहिली श्रद्धांजली कुणी वाहिली, सांगू? दुसऱ्या मजल्यावरच्या पेठेंनी. आणि वाहिली कशी? सोसायटीच्या ग्रुपवर, घाईघाईत, बोट भलत्याच मेसेजवर दाबलं गेलं आणि त्यालाच उत्तर म्हणून. त्यामुळे वर करड्या पट्टीत आदल्या दिवशीचं कुणाचं तरी वाक्य, 'हा उपद्रव एकदाचा बंद झालाच पाहिजे', आणि त्याखाली पेठे : 'अत्यंत दुःखद. भावपूर्ण श्रद्धांजली.' मग जोडलेल्या हातांची ही लांबलचक रांग. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात उभा होतो. तुझा भाऊ नागपूरहून येऊन बाहेर खुर्चीत बसला होता आणि त्याच्यासाठी मी चहा ठेवला होता. मोबाइल बघितला आणि मला हसू फुटलं गं. तोंडावर हात दाबून हसलो. आणि त्या हसण्यात पहिला विचार काय आला, तर हे नीलाला दाखवलं पाहिजे. ही श्रद्धांजली तू कुठल्या चौकटीत टाकणार, कुठल्या मुद्द्याला जोडणार, हे विचारलं पाहिजे. दार तर समोरच आहे तिचं. मग कळलं की मी त्याच दाराच्या आत उभा आहे. चहा उतू गेला.

तर आता तुझ्याशी बोलायचं आहे. तू नेहमी म्हणायचीस, 'दिल्या, आधी मुद्दा सांग, मग नाटक कर.' मुद्दा हा, की तू एक चौकट रिकामी ठेवून गेलीस आणि त्या रिकाम्या चौकटीने गेले काही दिवस आमची वाट लावली. आता नाटक करतो.

बाहेरचं कुणी वाचत असेल तर त्याला आमचं गेट माहीत हवं. मुलुंडला आमची सोसायटी, पुढे मोठं गेट, तिथे वॉचमन, सगळा रुबाब. मागे मात्र एक बुटकं लोखंडी गेट. त्याच्यापलीकडे गल्ली आणि गल्लीत बैठी चाळ. चाळीतली माणसं वर्षानुवर्षं आमच्या आवारातून स्टेशनच्या रस्त्याला जातात. कंपाउंडची डागडुजी निघाली तेव्हा कुणीतरी ग्रुपवर सहज विचारलं, 'मागच्या गेटला कायमचं कुलूप लावायचं का?' बस्स. सहज विचारलेल्या प्रश्नासारखा घातकी प्रश्न नसतो.

आठवतं ना ते? सकाळी दात घासताना मोबाइल बघावा तर वाद परसदारातून निघून पार्किंगला पोचलेला असायचा. संध्याकाळपर्यंत त्यात कुत्री यायची, पाण्याची टाकी यायची, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात वाजलेला डीजे यायचा. मध्येच कुणी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हणायचं. कोण कुणाला उत्तर देतंय ते कळायचं नाही. एकाने 'मी सहमत आहे' असं लिहिलं, तर तिघांनी 'कशाशी?' म्हणून विचारलं. तो बिचारा म्हणाला, 'आता आठवत नाही.'

आणि मी? मी मजेत होतो. माझ्यासारख्या लग्नामुंजीत आणि गणपतीत माइक धरणाऱ्या माणसाला एवढा प्रेक्षकवर्ग फुकट कुठे मिळतो? मी एकेकाचा आवाज काढून, रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचो. फडके मॅडमचा सेक्रेटरी-आवाज, पेठेंचा खोकला. लोक हसून लोळायचे. तूही हसायचीस. पण एक दिवस जिन्यात थांबून म्हणालीस, 'हे वायरिंग बघवत नाही रे मला.'

वायरिंगच म्हणालीस. तुझा जन्म एलबीएस रोडवरच्या कारखान्यांसाठी इलेक्ट्रिक पॅनेलची ड्रॉइंगं काढण्यात गेला. कुठली तार कुठून निघते, कुठे जाते, मध्ये कशाला चिकटते, हे कागदावर असं मांडायचं, की नवा वायरमनही चुकू नये. तुझं एक तत्त्व होतं, मला पाठ आहे : 'फॉल्ट शोधताना आवाज ऐकत बसायचं नाही. तार धरून मागे मागे जायचं.' तेच तू आमच्या भांडणाला लावलंस. घरी बसून कॉम्प्युटरवर ग्रुपचे सगळे मेसेज वाचलेस आणि त्यांचा नकाशा केलास. मधोमध प्रश्न : मागचं गेट बंद करावं का? त्यातून फुटणाऱ्या चौकटी. एक चौकट म्हणजे एक मुद्दा. कोणता मुद्दा कोणाला उत्तर आहे ते दाखवणारी रेघ. चौकटीवर बोट ठेवलं की त्या मुद्द्याचे मूळ मेसेज उघडायचे. आणि नाव कुठेही नाही. हा तुझा कडक नियम. मुद्दा दिसेल, माणूस दिसणार नाही.

लिंक ग्रुपवर टाकलीस आणि लिहिलंस, 'छोटं दिसत असेल तर दोन बोटं फाकवा.' त्या दिवसापासून आपल्या बिल्डिंगमधली ज्येष्ठ मंडळी दिसेल त्या गोष्टीवर दोन बोटं फाकवायला लागली. पेठेंना मी छापील वर्तमानपत्रावर करताना पाहिलंय.

पण रंगांची तुझी जी फजिती झाली! 'उघडं ठेवा'वाले हिरवे, 'बंद करा'वाले लाल. तुझ्या पॅनेलच्या सवयीने केलंस बाई, चालू म्हणजे हिरवा, बंद म्हणजे लाल. तळमजल्यावरचे सावंत तावातावाने वर आले. मी नेमका तुझ्याकडे कांदेपोहे खात बसलो होतो.

'माका लाल कित्याक केलंस? मी गुन्हेगार काय?'

'काका, तुम्हाला नाही हो. मुद्द्याला.'

'मुद्दो कोणाचो? माझोच मां?'

तू रंग बदललेस. निळा आणि भगवा. अर्ध्या तासात ग्रुपवर पक्षाचे झेंडे फडकायला लागले. मग पिवळा आणि हिरवा, तर तिसरीच भानगड. शेवटी वैतागून तू म्हणालीस, 'ज्या रंगाचा झेंडा कुणाचाच नाही असा रंग सांग.' मी म्हटलं, वांगं आणि चिंच. ते तू खरंच केलंस. 'उघडं ठेवा'ला जांभळा, 'बंद करा'ला तपकिरी. या देशात निःपक्षपाती राहायचं तर माणसाला भाजीवाल्याकडेच जावं लागतं, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यालाही तू चौकट दिली नाहीस.

हा आपला जुना झगडा. माझ्या एकाही मेसेजला चौकट नाही!

'तुझ्यात मुद्दाच नसतो रे.'

'अगं, पण माझ्या नकलेनंतर दोन दिवस कुणी भांडलं नाही. तो परिणाम कुठे दाखवलास तू?'

'हशा हा मुद्दा नाही.'

'मग राग आहे का? भीती आहे का? तुझ्या चित्रात सगळे कसे इस्त्री करून बसलेत. आमची सोसायटी अशी नाही.'

'चर्चा समजायला चित्र आहे. माणसं समजायला जिना आहे की.'

माझी कटकट थांबेना तेव्हा तू नकाशाच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका काढून दिलास. त्यावर बोट ठेवलं की माझ्या सगळ्या नकला. रेघ मात्र कुठेच जोडली नाहीस. लोंबकळत ठेवलास मला. मी त्याबद्दल अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुझी निंदा केली आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो ठिपका दाखवला.

मग आली सायकल. सुरुवातीला तुझ्या नकाशात चौकटीचा आकार मेसेजच्या संख्येवर होता. जास्त मेसेज, मोठी चौकट. लोकांना ते कळायचा अवकाश, एकच वाक्य तेच तेच लोक पुन्हा पुन्हा टाकायला लागले. 'चोऱ्या वाढल्या आहेत' ही चौकट फुगून फुगून निम्मा पडदा खाऊन बसली. तेव्हा तू आकार सारखे केलेस आणि तार धरून मागे गेलीस. चोरीचा प्रत्येक मेसेज कशाबद्दल आहे ते पाहिलंस. आणि नकाशावर आम्हाला जे दिसलं ते बघून मी नकला विसरलो. चोरीच्या त्या सगळ्या बोंबा, सगळ्या रेघा, एकाच ठिकाणी जाऊन मिळत होत्या : तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची सायकल. आणि सायकलच्या चौकटीवर बोट ठेवलं की खाली तिच्या आईचा मेसेज, 'सायकल मिळाली, मीटर रूममध्ये होती, थँक यू.' मांडवाचे बांबू ठेवताना आपल्याच मंडळाच्या पोरांनी ती आत सरकवली होती. तो मेसेज सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला गेला होता. सायकल केव्हाच घरी आली होती. चोरी मात्र ग्रुपवर रोज होत होती.

नीले, त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला. कुणावर ओरडली नाहीस, कुणाला खोटं म्हणाली नाहीस. नुसती रेघ दाखवलीस. बऱ्याच जणांनी लिहिलं, 'अरेच्चा.' ग्रुपच्या इतिहासात 'अरेच्चा' हा शब्द पहिल्यांदाच आला असावा.

सावंत मात्र गप्प झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचं तेच, 'चोऱ्या होतात, गेट बंद करा.' मी तुला म्हटलं, 'बघ तुझ्या चित्राचा उपयोग. म्हातारा ऐकतोय का?' तू नेहमीसारखी हसली नाहीस. म्हणालीस, 'त्यांची तार दुसरीकडे जाते रे.' मी विचारलं, कुठे? तू कुंडीतली वाळकी पानं काढत बसलीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती चौकट आली. तपकिरी नाही, जांभळी नाही. तुटक रेघेची, आत काही नाही. बोट ठेवलं तरी काही उघडायचं नाही. ग्रुपवर एकच कल्लोळ. 'ताई, ही काय आहे?' तू उत्तर दिलंस, 'एक मुद्दा अजून बोलला गेलेला नाही. त्याची जागा.'

मी तर हात धुऊन मागे लागलो तुझ्या. जिन्यात, भाजीवाल्याकडे, आरेला आपण मोकळी हवा खायला गेलो तेव्हा बसमध्येसुद्धा. 'तुझं मत आहे ना ते? सांग ना. उघडं की बंद?'

'माझं मत सभेत सांगेन.'

'म्हणजे चौकट तुझीच.'

'असं म्हणाले का मी?'

'मग कुणाची?'

'तो माणूस बोलेल तेव्हा भरेन.'

'अगं, माहीत आहे तर लिहून टाक की!'

'ग्रुपवर जे आलं नाही ते मी चित्रात टाकत नाही. दुसऱ्याच्या तोंडचं काढून लावायला मी काय तू आहे?'

लागलं मला ते. मी खिडकीबाहेर झाडं बघत बसलो. थोड्या वेळाने तू पिशवीतून चिक्की काढून माझ्या मांडीवर ठेवलीस. तेवढ्यावर मी विरघळलो, पण उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं गं. मला म्हणायचं होतं, नीले, नकलेत दुसऱ्याचा आवाज काढायचा तर आधी त्याच्यावर जीव लागतो. ते तसंच राहिलं. सभा आली की सांगू, असं मीही मनात ठेवलं.

सभेच्या आधी तू गेलीस.

आणि मग जे सुरू झालं ते तुला सांगायची मला लाज वाटते. हातांची रांग संपायच्या आत कुणीतरी लिहिलं, 'नीलाताईंना श्रद्धांजली म्हणून तरी गेट उघडं ठेवू या. त्यांची तीच इच्छा होती.' लगेच दुसरीकडून, 'ताई एकट्या राहायच्या. सुरक्षिततेसाठी गेट बंद व्हावं हीच त्यांची शेवटची इच्छा.' झालं. सगळ्यांना तुझी शेवटची इच्छा माहीत. ज्यांनी तुझ्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही त्यांना तर पाठच. 'ती तुटक चौकट म्हणजे ताईंचंच मत,' यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत. तेराव्याच्या आधी सभा घ्यावी की नाही यावर वेगळा वाद. त्यात सुतक आलं, त्यात पार्किंग आलं. आणि यातलं काय कशाला जोडलंय हे दाखवायला कुणी नाही. मी मोबाइल उलटा करून ठेवायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मला ग्रुपवर एकही आवाज काढावासा वाटला नाही.

सभेच्या आदल्या संध्याकाळी फडके मॅडम घरी आल्या. आपल्या सेक्रेटरी, तुला माहीत आहेत, बाई मनाने चांगल्या. गेट उघडं राहावं म्हणून जीव तोडत होत्या. चाळीतली माणसं लांबून वळसा घालून जाणार या विचाराने त्यांना झोप नव्हती. पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, 'दिलीप, तुमचा आणि नीलाताईंचा घरोबा सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की त्या तुमच्याशी बोलल्या होत्या. गेट उघडं ठेवा म्हणाल्या होत्या. तुमचं कुणी नाकारणार नाही.'

मी त्यांना पाणी आणून दिलं. त्या जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, 'आणि सांगताना थोडं त्यांच्यासारखं सांगितलंत तर...'

बघ गं. काय मागितलं बाईने माझ्याकडे! आणि खरं सांगू, मला जमलं असतं. तू मान किंचित तिरकी करून 'हे बघा' म्हणायचीस. वाक्य अर्ध्यावर सोडायचीस आणि समोरच्याला ते पूर्ण करायला लावायचीस. मी आरशासमोर उभा राहून 'हे बघा' म्हणून पाहिलं. तूच आलीस. अगदी तूच. मला पुढचं वाक्य बोलवेना. पण आरशासमोरून हलवेनाही. कारण मला मनापासून वाटत होतं, की तुझं मत उघडं ठेवा हेच आहे. माझंही तेच आहे. चांगल्या कामासाठी एक वाक्य. तुझ्या आवाजात. कुणाचं काय बिघडलं असतं? तो प्रश्न घेऊन मी तुझ्या बंद दाराकडे बघत बसलो आणि तू काही मदत केली नाहीस.

सभा खाली पार्किंगमध्ये. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबलफॅन, मंडळाचा मोठा टीव्ही, आणि त्यावर तुझा नकाशा. तुझ्या भावाने तुझा कॉम्प्युटर खाली आणून दिला होता. फडके मॅडमनी दोन शब्द बोलायला मला उभं केलं. माइक हातात. नीले, माइक हातात आल्यावर मी कधी गप्प राहिलोय का? सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळ्यांना तूच हवी होतीस. ही गर्दी माझ्या एका 'हे बघा'वर रडली असती.

मी टीव्हीकडे गेलो. त्या तुटक चौकटीवर बोट ठेवलं. आत काही उघडलं नाही.

म्हटलं, 'ही चौकट नीलाचं मत आहे असं सगळे म्हणतायत. मला ती तसं कधीच म्हणाली नाही. मी तिला शंभरदा विचारलं. तिचं मत काय होतं ते मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याने पुढे यावं, आणि ती हे कुठे, कधी म्हणाली तेही सांगावं. नाहीतर कृपा करून तिच्या तोंडी वाक्यं घालू नका. ते काम या बिल्डिंगमध्ये माझं आहे, आणि मीसुद्धा ते आज करणार नाही.'

कुणीतरी हसलं. फडके मॅडमनी मान खाली घातली. मी माइक ठेवायला वळलो, तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

सावंत उभे होते.

'ती चौकट माझी आसा.'

नीले, मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. कुणालाच नाही. पेठे म्हणाले, 'काका, तुमची तपकिरी. ती वरची.'

'ती सायकलीची. ती नाय. ही तुटक. ही माझी. माझ्यासाठी जागा ठेवल्यान तिना.'

मग ते माइकशिवाय बोलले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की पंखा बंद करावा लागला. मी हे त्यांना विचारून लिहितोय. म्हणाले, 'लिव. आता लपवचा काय रवला?' तर त्यांची बायको, आपल्या सावंतकाकू, काही महिन्यांपासून विसरायला लागल्या आहेत. घर, माणसं, वेळ. दुपारी सावंतांचा डोळा लागला की पिशवी घेऊन मागच्या गेटातून बाहेर पडतात. 'गावाक जातंय म्हणता. एस्टीची वेळ झाली म्हणता.' दोनदा चाळीतल्या रेश्माने त्यांना गल्लीच्या टोकावरून हाताला धरून परत आणलं. ही रेश्मा चाळीतच राहते, दवाखान्यातली ड्युटी करून त्याच वाटेने घरी येते. दुसऱ्या वेळी तू खालीच होतीस. तू पाहिलंस. तू सावंतांना म्हणालीस, 'काका, हे ग्रुपवर लिहा. गेटचा खरा मुद्दा हा आहे.' आणि ते तुझ्यावर ओरडले, 'माझ्या बायलेचो तमाशो करू काय?'

तू तमाशा केला नाहीस. मला सांगितलं नाहीस, मी एवढा पाठी लागलो तरी. तू फक्त जागा ठेवलीस.

'म्हणान मी चोर चोर करी होतंय,' सावंत म्हणाले. 'चोर येतलो ह्याचा भय माका नाय. माका भय, ती जातली ह्याचा.'

 मग तिसऱ्या मजल्यावरची ती सायकलवाल्या मुलीची आई हळूच म्हणाली, 'पण काका, गेट बंद असतं तर रेश्मा त्यांना आणणार कुठून? ती त्याच वाटेने येते म्हणून तिला दिसल्या ना?'

'तांच तर,' सावंत म्हणाले, आणि खाली बसले. 'तांच तर माका समजणा नाय.'

बघितलंस? तुझ्या त्या नकाशात जांभळं एकीकडे आणि तपकिरी एकीकडे होतं. हा मुद्दा दोन्हीकडे जात होता. गेट उघडं म्हणून काकू बाहेर जातात, गेट उघडं म्हणून काकू परत येतात. मला वाटतं तुला हे माहीत होतं. म्हणूनच त्या चौकटीला रंग नव्हता.

मतदान झालं नाही. कुलपाची गोष्ट कुणी काढली नाही, आणि उघडं ठेवा असा ठरावही कुणाला मांडवेना. कुणी म्हणालं वर कडी बसवू, काकूंचा हात पोचणार नाही अशी. कुणी म्हणालं घंटी बांधू. फडके मॅडम म्हणाल्या, आधी चाळीत जाऊन रेश्माला विचारू, तिथल्या लोकांना आपण अजून काहीच विचारलेलं नाही. हे सगळं ऐकताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण त्याच रात्री ग्रुपवर पुन्हा कुणीतरी जुना चोरीचा मेसेज पुढे ढकलला आणि त्यावर तीन अंगठे आले. सभेला न आलेले लोक. तू असतीस तर सकाळी शांतपणे ती तार परत सायकलपाशी नेऊन ठेवली असतीस. तुला कंटाळा कसा येत नव्हता गं?

मला तुझ्यावर रागही आहे, लपवत नाही. तू सावंतांना जागा दिलीस, पण ते बोलले कधी? तू गेल्यावर. तू जिन्यात मला एक वाक्य सांगितलं असतंस, तर मी त्यांच्याकडे गेलो असतो, काकूंबरोबर दुपारी पत्ते खेळलो असतो, दारात खुर्ची टाकून बसलो असतो. मधल्या काळात काकू आणखी कितीदा गेल्या असतील, कुणाला माहीत? तुझा नियम बरोबर होता आणि तरी मला तो छळतो. याचं उत्तर तू दिलं असतंस, आपण भांडलो असतो, आणि मग तू चिक्की काढली असतीस.

आज तुझ्या भावाने कॉम्प्युटर माझ्याकडे दिला. म्हणाला, 'तुम्हीच ठेवा, मला यातलं काही कळत नाही.' मलाही कळत नाही, पण मी बसलो. दुपारी सावंत वर आले, शेजारी खुर्चीत बसले आणि मी त्यांच्या चौकटीत त्यांचं वाक्य टाइप केलं. त्यांनी दोन बोटं फाकवून कॉम्प्युटरचा पडदा मोठा करायचा प्रयत्न केला. खाली काकूंपाशी फडके मॅडम बसल्या होत्या, तेव्हा घाई नव्हती. दोन रेघा ओढल्या, एक जांभळ्याकडे, एक तपकिरीकडे. वाकड्या आल्या. तुटक कडा सलग कशी करायची ते बटण काही सापडलं नाही. सावंत म्हणाले, 'ऱ्हवांदे तशीच.'

ते गेल्यावर मी आणखी एक चौकट काढली. तुटक रेघेचीच. नाव कुणाचं घालायचं नाही हा तुझा नियम, तेव्हा नाव घातलेलं नाही. हात नकळत कीबोर्डवर गेला होता. 'हे बघा' एवढं टाइप झालंही होतं, ते पुसलं.

आत काही लिहिलेलं नाही, नीले. फक्त कोपऱ्यातला माझा पिवळा ठिपका तिच्याजवळ आणून ठेवलाय. रेघ जोडलेली नाही.